तेंडली-काजू आणि डिचोलीचे पाहुणे

मी हायस्कुलात जीवशास्त्र शिकवतो. ही माहिती सुरुवातीलाच देऊन टाकलेली बरी. पुढे पुढे ती सांगायची मला हिंमत होणार नाही.

पाऊस नुकताच गेला होता. कोरगावात भातकापणी आटपत आलेली, आमच्या अंगणात चटयांवर भात वाळत पडलेलं, आणि त्या भातावरून माझी दोन्ही रत्नं दिवसभर घसरगुंडी खेळत असलेली. चिन्मय सात वर्षांचा, जाई साडेचारची. आई खळ्यावरून ओरडायची, बायको रेश्मा स्वयंपाकघरातून ओरडायची, आणि मी दोघींना "ओरडू नका, मुलांच्या मनावर परिणाम होतो" असं ओरडून सांगायचो.

त्या दिवाळीच्या पहिल्याच दिवशी डिचोलीहून पाहुणे येणार होते. माझी धाकटी बहीण संपदा आणि विशांत यांचं आपसात केव्हाच ठरलं होतं. विशांतचे वडीलही राजी होते. घोडं अडलं होतं ते त्याच्या आईपाशी. बाई फार कडक, अशी त्यांची कीर्ती थेट पेडणे तालुक्यापर्यंत पोचलेली. थोरल्या मुलाच्या वेळी त्यांनी म्हणे सात घरचे पोहे खाल्ले आणि सातही घरांतून "बरं, कळवतो" एवढंच म्हणून उठल्या! (सहा घरं अजून वाट बघताहेत.)

आमच्याकडे दिवाळीच्या पहिल्या दिवशी घरोघरी फोव, म्हणजे पोहेच असतात. दुधातले, ताकातले, नारळाच्या रसातले गोड, तिखट, आणि जोडीला काळ्या वाटाण्यांची उसळ. रेश्मानं सगळा बेत आखला होता. तेवढ्यात मला बुद्धी सुचली.

"हे सगळ्यांच्याच घरी असतं," मी म्हणालो. "काहीतरी वेगळं हवं. मी तेंडली-काजू करतो!"

रेश्मानं विळी बाजूला सारली.

"तुमी?" रेश्मा म्हणाली. "शेवटचां काय केलं होतात तुमी?"

"चहा."

"तो उतू गेल्लो."

"दादा," संपदा काकुळतीला आली, "तू फक्त बोल त्यांच्याशी. नाहीतर बोलूही नको. नुसता बस."

पण काजू आमच्याच बागेतले, तेंडली, म्हणजे तोंडली, मीच बाजारातून आणलेली, आणि करायची पद्धत मी मोबाइलवर तीनदा पाहिलेली. आता माघार घेणं माझ्या स्वभावात नाही. (हा स्वभाव आईच्या मते वडिलांकडून आलाय. वडील हयात असताना ते आईकडे बोट दाखवायचे.)

दिवाळीच्या आदल्या दिवशी मुलांवर कारिटं गोळा करायचं काम होतं. कारीट म्हणजे कुंपणावर वाढणारं, हिरवं, पट्ट्यापट्ट्यांचं, कडूजहर फळ. दिवाळीच्या पहाटे त्यालाच नरकासुर समजायचं, तुळशीपाशी पायाच्या अंगठ्यानं फोडायचं, "गोविंदा!" म्हणून ओरडायचं आणि त्याचा रस जिभेला लावायचा. घरटी चार-पाच पुरतात. पण मी मुलांना म्हणालो, "शेजारच्या पोरांनी दहा आणली म्हणे. आपण मागे राहायचं का?"

संध्याकाळी दोघं पिशवीभर कारिटं घेऊन आली! निदान चाळीस. आख्ख्या वाड्यातले नरकासुर आमच्या घरी.

"बाबा, खंय ठेवूया?" चिन्मयनं विचारलं.

"फ्रीजमध्ये, तेंडलीच्या पिशवीशेजारी," मी म्हणालो. "थंडाव्यात पेशींमधलं पाणी टिकतं." जीवशास्त्राचा घरात झालेला हा पहिला उपयोग. शेवटचाही.

पहाटे तेल-उटणं, आंघोळ उरकून आम्ही तुळशीपाशी उभे राहिलो. आकाशकंदिलाचा लालसर उजेड होता, चष्मा घरात राहिला होता. मी जाईला सांगितलं, "जा, फ्रीजमधली कारिटांची पिशवी घेऊन ये."

ती पिशवी घेऊन आली. मी एक फळ अंगठ्याखाली धरलं आणि जोर दिला. फुटेना! आणखी जोर दिला. ते सुळकन निसटलं आणि पायरीवर झोपलेल्या आमच्या कुत्र्याच्या नाकावर जाऊन आदळलं.

"बाबा, ह्यां कारीट लांबडां दिसता," चिन्मय म्हणाला.

"गप. गोविंदा म्हण."

"पण बाबा..."

"मोठी माणसं काही करत असताना मध्ये बोलू नये! आज पाहुणे यायचेत, आठवतंय ना? त्यांच्यासमोर तर तोंडच उघडायचं नाही."

दुसरं मी सरळ टाचेनं चिरडलं, गोविंदा ओरडलो आणि रस जिभेला लावला. अजिबात कडू नाही!

"बघा," मी छाती फुगवून मुलांना म्हणालो, "माणूस तयारीचा असला की कारीटही कडू लागत नाही."

चिन्मय माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, आदरानं.

आठ वाजता मी भाजीला लागलो. फ्रीजमधली पिशवी काढली, सगळं भराभर चिरलं. तेंडली यंदा जरा गुबगुबीत दिसत होती, पण म्हटलं, पाऊस चांगला झालाय. मोहरी, हिंग, मिरची, भिजवलेले काजू, वरून भरपूर खोबरं. वास असा सुटला की रेश्मासुद्धा म्हणाली, "वास तरी बरो येता."

मी चमचा पुढे केला, तर आईनं हातावर फटका मारला. "देवाक दाखवल्याशिवाय चाखशीत? दिवाळेच्या दिसा?"

देवाला नैवेद्य दाखवला. देवानं तक्रार केली नाही. आणि तेवढ्यात दारात गाडी थांबली.

विशांतची आई खरोखरच कडक होती. पदर कडक, नजर कडक, खुर्चीवर बसली तर खुर्चीसुद्धा ताठ झाली. ताटं मांडली. मी यजमान, तेव्हा वाढायला उभा. संपदानं फोव वाढले आणि मी प्रत्येकाच्या ताटात माझी भाजी वाढली, डावभर.

विशांतच्या आईनं एक फोड तोंडात घातली आणि त्यांचं बोलणं थांबलं. डोळे मिटले. मला वाटलं, तल्लीन झाल्या.

विशांतच्या वडिलांनी दोन फोडी घेतल्या, पाण्याचा ग्लास संपवला, मग बायकोचाही संपवला.

"कशी आहे?" मी विचारलं.

"पौष्टिक असणार," ते खालच्या आवाजात म्हणाले.

पण विशांत! तो पोरगा घास घेत होता, गिळत होता, पुन्हा घेत होता. कपाळावर घाम, डोळ्यांत पाणी.

"मस्त आहे दादा," तो म्हणाला.

"आणखी घे!"

त्यानं संपदाकडे पाहिलं. संपदा आशेनं त्याच्याकडे पाहत होती. त्यानं ताट पुढे केलं. "वाढा."

मला भरून आलं! कोपऱ्यात उभा असलेला चिन्मय मला खुणा करत होता. हात हलवत होता, मान हलवत होता, एकदा तर गळा धरून जीभ बाहेर काढून दाखवली. मी डोळे मोठे केले. तो बिचारा आज्ञाधारक, तोंड काही उघडेना.

जाईला मात्र असल्या आज्ञा लागू होत नाहीत. ती विशांतच्या आईसमोर जाऊन उभी राहिली, ताटात डोकावली आणि मोठ्या कुतूहलानं विचारलं,

"आजी, तू नरकासुराक खातंस?"

सगळे हात जागच्या जागी थांबले.

"काय म्हणालीस, बाळ?" विशांतच्या आईनं विचारलं. आल्यापासूनचा त्यांचा हा सर्वांत मऊ आवाज. (घसाच बसला होता.)

"ह्यो नरकासुर," जाईनं फोडीकडे बोट दाखवलं. "ह्येका पायान फोडतत. तू खातंस कित्याक?"

आता चिन्मयचा बांध फुटला. "मी सकाळपासून सांगतंय! बाबान तेंडली फोडली आणि कारिटां रांदली!"

मी हसलो. "काहीतरीच! कारिटं कुणी शिजवतं का? मुलं आहेत. दोन्ही एकाच कुळातली फळं, लहान मुलांना फरक कळत नाही," असं म्हणून मी एक मोठी फोड सगळ्यांदेखत तोंडात टाकली.

ती चव मला सांगता येणार नाही. जीभ आत गोळा झाली, कान गरम झाले, डाव्या डोळ्याची उघडझाप सुरू झाली ती थांबेना. सासर-माहेरची सगळी मंडळी माझ्याकडे बघत होती, म्हणून मी ते गिळलं. गिळल्यावर खरी कडू चव सुरू झाली.

संपदा रडवेली होऊन आत पळाली. आईनं कपाळाला हात लावला. रेश्मानं नारळाच्या रसातले गोड फोव सगळ्यांपुढे ठेवले. मी हात जोडून उभा राहिलो. आता "बरं, कळवतो" येणार आणि माझी बहीण मला आयुष्यभर राखी म्हणून दोरखंड बांधणार!

विशांतच्या आईनं ताटातल्या भाजीकडे पाहिलं. मग मुलाच्या रिकाम्या ताटाकडे पाहिलं. त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, उमासा आला. पण बाई हसत होत्या! हसता हसता त्यांचं कडक मराठी गळून पडलं.

"अगो बाये! हो म्हजो पूत, घरात कारल्याचो एक कुडको खायना. ताट सारून उठता! आनी हांगा कारिटां? दोन फावट? मागून?" घरी कारल्याचा तुकडाही न खाणारा मुलगा इथे दोनदा मागून कारिटं खाऊन बसला होता. त्यांनी नवऱ्याकडे वळून सांगितलं, "हो भुरगो आमच्या हातचो गेलो. आतां तारीख काढात!"

विशांत लाजून लाल झाला. तसा तो आधीपासूनच लाल होता.

संपदाला बाहेर बोलावलं. तिच्या हातावर गूळ ठेवला, मग त्यातलाच खडा विशांतच्या वडिलांनी गुपचूप स्वतःच्या तोंडात टाकला. चिन्मयला सगळ्यांनी शाबासकी दिली, जाईला एखाद्या आत्येसासूबाईंसारखा मान मिळाला. मला कुणी काही दिलं नाही.

तुळशीचं लग्न झाल्यावर महिन्याभरात संपदाचं लग्न झालं. मांडवात कानपिळीची वेळ आली. बहिणीला नीट सांभाळ, असा दम देत वधूच्या भावानं नवरदेवाचा कान पिळायचा. मी फेटा सारखा केला, पुढे झालो, विशांतचा कान धरला आणि आवाज चढवून म्हणालो,

"माझ्या बहिणीला त्रास दिलास तर बघ!"

विशांत हळूच म्हणाला, "नाही देणार, दादा. दिला तर काय कराल?"

मी काही बोलायच्या आत मागून त्याची आई म्हणाली, "कित्याक विचारता रे? रांदून घालतलो तो!"

सगळा मांडव हसला. आणि त्या मांडवाच्या पहिल्या तीन रांगा माझ्या विद्यार्थ्यांनी भरलेल्या होत्या.