सुटली की सुटलो

दाराची कडी बाहेरून लावलेली होती, तिच्यावर सुतळीचे वेढे घातलेले होते आणि आत बायका ओरडत होत्या. घराला लागून कडब्याची गंजी होती, ती पेटली होती. पत्रे तापून तडतडत होते. समोर माणसंच माणसं, प्रत्येकाच्या छातीला काळी फीत, आणि सगळे एका मेलेल्या माणसाच्या नावानं ‘अमर रहे’ म्हणत होते. काही जण खरोखर रडत होते. रडता रडता त्यातल्या एकानं गंजीवर आणखी एक पेंडी टाकलेली मी पाहिली.

मी सुतळी सोडायला गेले, सुटेना. विळा मागितला, कुणी दिला नाही. शेवटी आमच्या शिपायानं दगड घालून कोयंडाच तोडला. सून बाहेर आली, तिच्या पदराखाली तान्ही मुलगी होती. सासू आत राहिली होती. तोंडाला पदर बांधून मी आत गेले आणि म्हातारीला दोन्ही दंडांना धरून ओढत बाहेर आणलं. उचलायला वेळ नव्हता.

नोकरीत बरंच पाहिलं, बरंच विसरले. हे राहिलं आहे. म्हणून लिहिते. नाव कुणाचंही लिहिणार नाही, कारण त्यातली काही माणसं अजून आहेत.

माझं शिक्षण सातवी. नवरा पोलिसात शिपाई होता, बंदोबस्ताच्या कामावर असताना गेला. त्याच्या जागेवर मला घेतलं. पुढं जमादार झाले आणि त्याच हुद्द्यावर निवृत्त झाले. ही घटना नव्वद सालानंतरची, मी अंबड तालुक्यात नेमणुकीला होते तेव्हाची.

आमच्या हद्दीतल्या एका गावचा पैलवान राज्यात मोठा झाला होता. गदा मिळाली, पेपरात फोटो आले, पुढारी त्याला प्रचाराला नेऊ लागले. अशाच एका दौऱ्यात धुक्यात हेलिकॉप्टर डोंगरावर आदळलं आणि आतला एकही वाचला नाही. बातमी सकाळी रेडिओवर आली. दुपारच्या आत वडीगोद्रीपासून तीर्थपुरीपर्यंत दुकानांची शटरं पडली होती. टेम्पोवर त्याचा फोटो बांधला, पुढं हलगी. ज्यांनी त्याला कधी पाहिलं नाही अशा बाया ऊर बडवत होत्या. जालन्याच्या एमआयडीसीतून कामगार पाळी सोडून आले.

माझा नवरा गेला तेव्हा मातीला ठाण्यातली माणसं आणि त्याचे भाऊ, एवढेच होते. साहेबांनी पाठवलेला हार उशिरा आला. त्या दिवशी फाट्यावर बंदोबस्ताला उभी राहून मी ती गर्दी बघत होते आणि मला हेवा वाटत होता. माणूस मेल्यावरसुद्धा कमी-जास्त असतो, हे दिसत होतं.

मी ठाण्यात परत येऊन पाणी पीत होते, तेवढ्यात फोन आला. फाट्यावरचा हॉटेलवाला होता.

“जमादारीणबाई, गाडी पाठवा जल्दी. लोकं निघाले.”

“कुठं निघाले?”

“मिलवाल्या पैलवानाच्या घरी. तो इथं बसून म्हणला म्हणं, सुटलो एकदाचा. पैलवान मेला अन मी सुटलो.”

“तू ऐकलं?”

“मी भजे तळून राह्यलो होतो, बाई. भज्यापुढं काय ऐकू येतंय? पण समदे तेच म्हणून राह्यले.”

मिलवाला पैलवान कोण, ते सांगते. गावात एकाच तालमीत तिघं वाढले. एक तो मोठा पैलवान. दुसरा हा, जो पुढं कुस्ती सोडून जालन्याला लोखंडाच्या मिलमध्ये लागला. तिसरा मोठ्या पैलवानाचा चुलतभाऊ. मोठ्या पैलवानाला उमेदीत कुणी पाडू शकलं नव्हतं. फक्त या मिलवाल्यानं गावच्या जत्रेत त्याच्याशी बरोबरी केली होती. मोठा झाल्यावरही तो रेडिओवर सांगायचा, “माझा दम आमच्या गावच्या एकट्यानं काढला.” तेवढ्या एका वाक्यावर मिलवाल्याची गावात इज्जत होती.

ठाण्यातून निघताना आम्ही ‘सुटलो म्हणाला’ एवढंच ऐकलं होतं. वाटेत एकानं गाडी थांबवून सांगितलं की त्यानं साखर वाटली. गावाच्या शिवेवर ऐकलं की फटाके वाजवले. घरासमोर पोचलो तेव्हा त्यानं फोटोवर थुंकल्याचं दोन माणसं शपथेवर सांगत होती. अफवेचं असंच असतं. ती फुकट खाते आणि रोज वजन वाढवते.

आत कोंडलेली होती ती मिलवाल्याची आई, बायको आणि मुलगी. तो स्वतः घरी नव्हताच. तो तालमीत सापडला. आखाड्याच्या लाल मातीत एकटाच मांडी घालून बसला होता. मागं आपलं घर पेटलंय, हे त्याला आम्ही सांगितलं.

म्हातारीला आणि सुनेला जालन्याच्या दवाखान्यात पाठवून पंचनामा केला. रात्रीपर्यंत गर्दीतले तेराजण आणले. सगळ्यांचं एकच उत्तर. आम्ही मागं होतो, पुढच्यांनी लावली. तेरा माणसांची गर्दी आणि पुढं कोणीच नाही.

मिलवाल्याला संरक्षणासाठी ठाण्यातच ठेवला होता. दुसऱ्या दिवशी फौजदार साहेबांनी त्याला समोर बसवलं. मी जबाब लिहून घेत होते.

“तू जळत होतास त्याच्यावर?”

“व्हय.” लगेच म्हणाला. “खोटं कशाला बोलू साहेब? तो इमानात बसला की मी भट्टीपुढं घाम पुसायचो अन म्हणायचो, ह्याला मी सोडला न्हवता. कालबी जळलो. आम्ही खाटेवर खोकून मरणार अन हा आभाळातून गेला. आता तर देव झाला तो. आता त्याला कोण पाडणार?”

“मग सुटलो म्हणालास ते खरं.”

“सुटलो न्हाई म्हणलो. सुटली म्हणलो.”

साहेब पुण्याकडचे, शाळेत क्रिकेट खेळलेले. ते चिडले. “सुटली काय आणि सुटलो काय.”

मिलवाल्यानं तोंड फिरवलं. दुखावलेल्या माणसाला समजावून सांगायचाही कंटाळा येतो, तसा. मी वही मिटली आणि साहेबांना म्हणाले की हॉटेलात त्याच्या शेजारी कोण बसलं होतं ते आधी बघू.

शेजारी बसले होते त्या तालमीचे म्हातारे वस्ताद. मुसलमान, सगळा गाव त्यांना चाचा म्हणायचा. तिघांनाही त्यांनीच शिकवलेलं. मी त्यांच्या घरी गेले तर हात गळ्यात बांधून ओट्यावर बसले होते.

“चाचा, हाताला काय झालं?”

“गिर्‍या. लोगां जा रहे थे, मैं आड़ा आया. एक ने ढकल दिया. पहलवान का हाथ है बाई, जुड़ जाता.”

“हॉटेलात तो काय म्हणाला?”

“सुटली बोल्या. रेडियो में खबर आई, उसने कप नीचे रख्या और बोल्या, सुटली. बराबर में सुटली.” मग माझ्याकडे बघून त्यांनी मराठीत सांगितलं, “दंगलमदी दोघं बी पडंना, तर पंच कुस्ती सोडवतो. लोक म्हणत्यात, कुस्ती बराबरीत सुटली. ह्यो सारखा म्हणायचा, आमची एक कुस्ती राह्यली, फैसला राह्यला. आता दुसरा गडीच न्हाई. सुटली कुस्ती. रोने की बात थी बाई, हसने की नहीं.”

“हे तुम्ही तिथंच का नाही सांगितलं?”

“बोल्या ना. बुड्ढे की आवाज और मक्खी की आवाज, एकच.”

तिथून मी जालन्याला दवाखान्यात गेले. सून खाटेच्या कडेला बसून मुलीला पाजत होती. सासू तोंडाला नळी लावून पडली होती.

“कडी कुणी लावली, दिसलं का?”

“दिसलं न्हाई. आयकलं.”

“काय ऐकलं?”

“सुतळी आवळू आवळू बोलला, ‘काढा म्हणावं आता फोटू.’ मला वाटलं, पैलवानाच्या फोटूचं म्हणून राह्यला. पर तो फोटू तर टेम्पोवर व्हता.”

मला तेव्हा अर्थ लागला नाही. परत येताना फाट्यावर चहाला थांबले आणि हॉटेलवाल्याला सहज विचारलं, काल फोटोवाला कुणी आला होता का. तो म्हणाला, “आल्ता की. औरंगाबादचा पेपरवाला. गळ्यात क्यामेरा. मला इचारलं, ज्यानं बरोबरी केली तो पैलवान कुठं राहतो, त्याचा मोठा फोटू छापायचाय.”

“कुणासमोर विचारलं?”

“टेम्पोवाल्यांच्या समोर. चुलतभाऊ पुढंच बसेल होता, फोटूला धरून. तो म्हणला, मी दावतो घर.”

चुलतभाऊ दोन दिवस गावाचा मुख्य शोक करणारा होता. सगळे त्याच्या गळ्यात पडत होते. आम्ही बोलावलं तर चार माणसं घेऊन आला. छातीवरची काळी फीत अजून तशीच होती. साहेबांनी खुर्ची दिली, चहा दिला. इकडचं तिकडचं विचारलं. तो सगळ्याला एकच उत्तर द्यायचा, “मला काय त्याचं साहेब, माझा भाऊ गेला.” मी कोपऱ्यातून विचारलं.

“तालमीत किती दिवस होता?”

“जल्म गेला तालमीत.”

“मग एक सांगा. दोघांतला कुणीच पडला नाही तर पंच काय करतो?”

“सोडवतो.”

“लोक काय म्हणतात?”

“कुस्ती सुटली म्हणत्यात.”

म्हणून झालं आणि मग त्याला कळलं, आपण काय म्हणालो ते. मी म्हणाले, “गावातल्या बाकीच्यांना ‘सुटलो’ ऐकू आलं असंल. कापूस वेचणाऱ्याला कुस्तीतलं कळलं नाही तर चालतं. तुम्हाला कसं कळलं नाही?”

त्यानं साहेबांकडं पाहिलं. साहेब चहा पीत होते. मी आणखी एवढंच विचारलं, “पेपरवाल्यानं फोटो कुणाचा मागितला?”

तो उठला आणि बसला. मग त्यानं छातीवरची फीत ओढून काढली आणि टेबलावर टाकली.

“जल्मभर मी चोळलं त्याला तेल. बदाम मी कुटले. लंगोट मी धुतले. गाडीत डबा घिऊन मी बसायचो मागं. त्यानं कधी रेडिओवर माझं नाव घेतलं? घेतलं तर ह्याचं. एकदा बरोबरी केली अन पुरी जिंदगी त्याचं नाव. अन आता मेल्यावर बी फोटू ह्याचा? मातीला म्या खांदा द्यायचा अन पेपरात हा?”

“म्हणून बायकापोरांना कोंडलं?”

“तो आत हाय वाटलं मला.”

“लहान मुलीचं रडणं ऐकू येत नव्हतं?”

तो टेबलावरची फीत बोटाला गुंडाळत राहिला. जबाबात मी लिहिलं, उत्तर दिलं नाही.

सुतळी टेम्पोवर फोटो बांधायला आणलेल्या बंडलातली निघाली. ते बंडल पंचांसमोर जप्त केलं. पुढं साक्षीदार बरेच फुटले. हॉटेलवाल्याला तर भज्याचा आवाजही आठवेना. चाचा मात्र कोर्टात उभे राहिले. वकिलानं विचारलं, तुम्हाला मराठी कुठं येतं. ते म्हणाले, “कुश्ती की मराठी आती, साब.” सून उभी राहिली. सजा लागली.

मिलवाल्याचा फोटो काही पेपरात छापून आला नाही. चौकात मोठ्या पैलवानाचा पुतळा बसला. वर्गणी सगळ्यांनी दिली, त्या तेराजणांनीही. मिलवाल्यानंही दिली आणि पावती मला मुद्दाम आणून दाखवली. “घ्या बाई, अजून जळतो, पर देतो बी.”

या तपासानं मला एक सवय लावली. जो माणूस समोर बसून म्हणतो की मी त्याच्यावर जळतो, त्याच्यावर मी पुढं फार वेळ घालवला नाही. त्याचं बाहेर पडून गेलेलं असतं. ‘मला काय त्याचं’ म्हणणाऱ्याला मात्र आधी बसवायचा, आणि त्याला रागाबद्दल विचारायचंच नाही. कामाचं विचारायचं, त्याच्या हातातल्या कामाचं. तिथं माणसाला खोटं बोलता येत नाही, कारण तिथं तो विचार करत नाही. आणि जबाब घेताना ‘असं असं म्हणाला’ लिहायचं नाही, तोंडून निघालेला शब्द जसाच्या तसा लिहायचा. एका काना-मात्रेवर घर जळतं.

म्हातारी त्याच आठवड्यात दवाखान्यातच वारली, धुरानं. तिच्या मातीला दवाखान्याचा वॉर्डबॉय, मुलगा, चाचा आणि मी होतो. खुनाचं कलम तिच्यामुळं वाढलं. सून जगली. मुलगी जगली.