मुलांच्या उत्तरांचा रकाना

माझ्या टाचणवहीत मार्गदर्शक सरांनी लाल शाईनं लिहिलंय, 'विद्यार्थिनीने अनपेक्षित प्रश्न विचारला. वर्गनियंत्रण कमी.' सकाळपासून ती ओळ बघतेय आणि अंगाचा तिळपापड होतोय.

आमचं विद्यापीठ छोटंसं. इतिहासाच्या शिक्षिका व्हायला आलेल्या आम्ही जेमतेम नऊजणी. शाळेत जाऊन सराव पाठ घ्यायचा, पण त्याआधी टाचण लिहायचं, आणि त्यात मुलं देणार ती उत्तरंसुद्धा आम्हीच आधी लिहून ठेवायची! काल सातवीला एका डोंगरी किल्ल्याबद्दल शिकवत होते. कुणी बांधला, कधी बांधला, सगळं टाचणाबरहुकूम चाललं होतं. तेवढ्यात खिडकीपाशी बसलेली मुलगी उठली.

"बाई, एवढे दगड वर कुणी वाहिले? त्यांची नावं कुठं लिहिलीत?"

हा प्रश्न माझ्या टाचणात नव्हताच. पण पेंगणारा आख्खा वर्ग जागा झाला, ते मागच्या बाकावरच्या सरांना दिसलंच नाही?

दगड वाहणाऱ्यांना इतिहासात कुणी जागा दिली नाही. आता त्यांची चौकशी करणाऱ्या पोरीलाही द्यायची नाही?

उद्याच्या टाचणात मुलांच्या उत्तरांचा रकाना मी कोरा सोडलाय. ओतू देत सरांना लाल शाई, किती ओतायची ती.