पहिला घड पाहुण्याचा

उन्हाचा अभिमान बाळगणारी माणसं मी आमच्याकडेच पाहिली. भुसावळचा पारा बातम्यांत सगळ्यांच्या वर दिसला की जळगावातला माणूस सुखावतो, जणू घरातलं पोरगं बोर्डात आलं. मी निवृत्त प्राध्यापक. चैत्र-वैशाखात खिडक्या लावून घेऊन पुस्तकं वाचणं एवढीच माझी उन्हाशी ओळख. त्यामुळे माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याने, म्हणजे दाजींनी, दोंडाईच्याजवळच्या आपल्या शेतात वाईनची द्राक्षं लावायचं ठरवलं, तेव्हा मला जे सुचायचं तेच सुचलं.

"दाजी, या उन्हात वेलीवरच बेदाणा होईल."

"मंग बेदाणा इकसूत," दाजी म्हणाले. आयुष्यभर कपाशी आणि मिरची केलेला माणूस. त्यांना दर काही वर्षांनी काहीतरी नवं करून पाहायची खोड होती आणि ते निभावून न्यायची चिकाटीही.

अक्काने मात्र पहिल्याच दिवशी जाहीर केलं, "दारूना येलले मी पानी देवाव नही." पुढे त्या वेलींच्या मुळाशी सगळ्यांत जास्त वेळ तीच बसलेली दिसे. मी चिडवलं तर म्हणायची, "येलले काय माहीत भाऊ, त्याना रस कोठे जास ते?"

हा उद्योग दाजींच्या एकट्याच्या डोक्यातून आलेला नव्हता. द्राक्षावर काम करणाऱ्या एका संशोधन केंद्राला उष्ण भागात वाईनची द्राक्षं घेऊन पाहायची होती आणि नाशिककडची एक वायनरी, जमलं तर, माल उचलायला तयार होती. केंद्राकडून एक तरुण शास्त्रज्ञ बाई येत. गाव त्यांना मॅडम म्हणे. डोक्यावर टोपी, पायात चिखलाचे बूट, आणि बोलताना "म्हणजे असं बघा" म्हणायची सवय. त्यांनी मला जे समजावलं ते असं: खायचं द्राक्ष गोड झालं की काम झालं. वाईनच्या द्राक्षात गोडीबरोबर आंबटपणाही लागतो. फळ पिकत जातं तशी गोडी चढते आणि आंबटपणा उतरतो. जिथे रात्री गार असतात तिथे तो सावकाश उतरतो. आमच्याकडे रात्रीही भट्टी विझत नाही, त्यामुळे तो धावत सुटतो. दोन्ही गोष्टी जुळतात असे मोजके दिवस मिळतात. ते गेले की मग काही करता येत नाही.

मॅडमचा डाव साधा होता. छाटणी नेहमीपेक्षा लवकर, गणपती उठायच्या आत करायची, म्हणजे फळ खानदेशच्या त्या अल्पायुषी थंडीत पिकेल. धोकाही तेवढाच साधा होता. परतीचा पाऊस कोवळ्या फुटीवर पडला तर पानाखाली केवडा रोगाची पांढरी बुरशी धरते आणि घड फुलायच्या आधीच जळतो. शिवाय पाणी खारं, म्हणून क्षार सोसणाऱ्या रानटी वेलीचे खुंट लावून त्यावर कलम बांधलेलं. एवढं सगळं ऐकल्यावर मला वाटलं, द्राक्ष लावण्यापेक्षा पीएचडी करणं सोपं.

वाईनबद्दल मला प्रेम नाही आणि वाईनबद्दल बोलणाऱ्यांबद्दल तर अजिबात नाही. एका समारंभात एक गृहस्थ ग्लास गरगर फिरवून मला सांगत होते की यात त्यांना ओल्या दगडाचा भास होतो. मी म्हटलं, आमच्या नळाच्या पाण्यातही होतो. पण दुसऱ्या वर्षीच्या थोड्याशा फळापासून मॅडमनी प्रयोगशाळेत थोडी वाईन केली आणि नाव-लेबल नसलेली एक बाटली घेऊन त्या जळगावला माझ्या घरी आल्या. स्टीलच्या पेल्यात ओतली. आंबट, स्वच्छ, मागे किंचित कडवट. साखर घालायला विसरलेल्या कैरीच्या पन्ह्यासारखी, पण ते विसरणं मुद्दाम केलेलं वाटावं अशी.

मॅडम माझ्या चेहऱ्याकडे बघत होत्या. "काय वाटतं?"

"मला यातलं कळत नाही," मी म्हणालो. "पण यात ऊन लागत नाही."

त्या खुर्चीत मागे टेकल्या. "मला हेच कुणाकडून तरी ऐकायचं होतं. म्हणजे असं बघा, आणखी एक हंगाम. भरल्या बागेचा. तो असाच निघाला तर मी छातीठोकपणे सांगू शकते की इथे होतं. मग वायनरी या भागात लावण करायला पुढे येईल. नाही निघाला तर प्रयोग बंद."

दाजींच्या शिवाराला लागून असलेले दोन-तीन शेतकरी याच हंगामाची वाट बघत थांबले होते. त्यांनी रोपांची चौकशीसुद्धा करून ठेवली होती.

तो हंगाम आला. दाजींनी लवकर छाटणी केली तेव्हा येणारे-जाणारे बांधावर थांबून हसले. मग परतीचा पाऊस आला, तोही मुक्कामाला आल्यासारखा. दाजी फवारणीचा पंप पाठीवरून उतरवेनात. अक्का पान उलटून बघायची, पुढचं पान उलटून बघायची, आणि बुरशी दिसलेलं पान खुडून पदरात घ्यायची. इतर ठिकाणच्या बागांची वाताहत झाली. ही बाग वाचली. संक्रांत झाली तेव्हा तारांवर घड असे लागले होते की मलासुद्धा, ज्याला झाडांतले फक्त आंबा आणि निंब ओळखता येतात, तिथून निघवेना.

त्याच दिवसांत मी अक्काकडे मुक्कामाला होतो. मॅडमनी घडाघडांतून मणी वेचून रस काढला, काचेच्या नळीसारख्या यंत्रातून उजेडाकडे बघितलं, दुसऱ्या यंत्राची कांडी रसात बुडवली आणि हसल्या. "परवा पहाटे तोडा. वायनरीची गाडी मी मागवते."

दाजी म्हणाले, "परवा जमाव नही."

कारण नाना. नाना म्हणजे गावातले कायमचे अध्यक्ष. कशाचे ते विचारायचं नाही, जे निघेल त्याचे. नानांनी बागेत कार्यक्रम ठरवला होता. मोठे पाहुणे येणार, पहिला घड त्यांच्या हस्ते तोडला जाणार, मग भाषणं आणि मग भरिताचं जेवण. पाहुण्यांच्या माणसांनी भरीत आवर्जून सांगितलं होतं. तारीख ठरताना द्राक्षांचा विचार झाला नव्हता, वांग्यांचा झाला होता. ती तारीख आठवडाभर पुढे होती.

मॅडमनी नानांना गाठलं. "नाना, दोन ओळी तशाच ठेवू. बाकीची बाग तोडू द्या."

"मॅडम, तुमचं शास्त्र बरोबर आहे," नाना म्हणाले. "पण वरून ड्रोन फिरणार आहे. टकलावर दोन केस ठेवल्यासारखं दिसेल."

सगळे हसले. मॅडमही क्षणभर हसल्या, आणि मला वाटतं, तिथेच हरल्या.

पण नानांना दोष देऊन मोकळं होणं मला जमत नाही, कारण कात्री नानांच्या हातात नव्हती. ती दाजींच्या हातात होती. त्या संध्याकाळी ओट्यावर अक्काने तेच विचारलं. "बाग आपली शे का नानानी?"

"सीतादही झाया बिगर आपुन कपाशीले हात लावतस का?" दाजी म्हणाले. आमच्याकडे कपाशीची पहिली वेचणी अशी होत नाही. आधी वावरात दही-भाताचा नैवेद्य दाखवायचा, पूजा करायची, मगच पहिलं बोंड वेचायचं. त्याला सीतादही म्हणतात. "मंग आठे पाहुना ऊना बिगर कात्री कशी लावू?"

"कपाशी महिनाभर झाडवर लोंबस," अक्का म्हणाली. "हाई द्राक्षनं फय शे, फय."

मी म्हणालो, "दाजी, सीतादही देवासाठी असते. देव वेळेवर येतो."

"बठ्ठा गावले सांगेल शे भाऊ. आते तोडं तं मी कोनले तोंड दखाडू? पाहुना बलाया आन आपुन आधीच जेवी लिधं, आसं नही व्हई?"

यावर मॅडमकडे कुठलंही यंत्र नव्हतं. दाजींच्या घरी पाहुण्याआधी कुणी ताटावर बसल्याचं मीही कधी पाहिलेलं नाही. नियम जुना आणि चांगला होता. फक्त तो एका नाशवंत मालाला लावला जात होता, आणि पाहुणा कोण हे नानांनी ठरवलं होतं.

आठवडा गेला. पाहुण्यांना दुसरं काम निघालं. नवी तारीख मिळाली, तीही पुढे सरकली. मधल्या काळात थंडी, आमच्याकडे जाते तशी, कुणाचा निरोप न घेता निघून गेली. दुपारी वारा गरम लागू लागला. मॅडम रोज रस काढत. पहिल्या दिवसांत त्या आकडे मोठ्याने सांगत, नंतर नुसतं लिहीत, शेवटी लिहिलेलं झाकून ठेवत. मधमाश्या मण्यांवर बसू लागल्या. अक्का पाखरं हाकत ओळींमधून फिरायची आणि दाजींशी फक्त कामापुरतं बोलायची.

शेवटी कार्यक्रम झाला. मंडप, तोरणं, भजनी मंडळाचं स्वागतगीत. फलकावर आधुनिक द्राक्षशेती, खानदेशचा गौरव, वगैरे मजकूर होता. वाईन हा शब्द कुठेच नव्हता. भजनी मंडळाची सोय पाहिली होती आणि पाहुण्यांच्या फोटोचीही. चार वक्ते बोलले आणि चौघांनीही द्राक्षाची तुलना मातीशी, मातेशी आणि पाहुण्यांशी केली. ड्रोन घोंगावत राहिला. पाहुण्यांनी रिबीन बांधलेल्या कात्रीने पहिला घड तोडला, एक मणी तोंडात टाकला आणि माईकपाशी येऊन म्हणाले, "अरे वा! नुसती साखर आहे, साखर!"

मंडपभर टाळ्या झाल्या. दाजींचा चेहरा उजळला. मॅडम शेवटच्या खुर्चीवर बसल्या होत्या. त्या खाली मान घालून बुटावरचा वाळलेला चिखल नखाने काढत राहिल्या. त्या एका वाक्यात त्यांच्या तीन हंगामांचा निकाल लागला होता आणि टाळ्या थांबत नव्हत्या.

भरीत उत्तम झालं होतं, हे नोंदवणं माझं कर्तव्य आहे.

दुसऱ्या दिवशी पहाटे वायनरीचा माणूस गाडी घेऊन आला. सज्जन होता. त्याने बागेच्या चारी कोपऱ्यांतून मणी घेतले, दोनदा तपासले. "काका, गोडी भरपूर आहे. पण आंबटपणा राहिलाच नाही. थोडा कमी असला तर आम्ही सावरून घेतो. याची वाईन सपक होईल, टिकणारही नाही." दाजी म्हणाले, काल तर पाहुण्यांनी सगळ्यांसमोर चांगली म्हटली. रिकामी गाडी बांधावरून उलटी घेताना त्या माणसाने दाजींना नमस्कार केला, तेच त्याचं उत्तर होतं. द्राक्षं बाजारात नेली. बारीक, बियांची, जाड सालीची म्हणून गिऱ्हाइकांनी नाक मुरडलं. उरलेली गुरांनी खाल्ली. त्यांची काही तक्रार नव्हती.

पंधरवड्याने मॅडम पुन्हा आल्या आणि ओट्यावर बसल्या. "दाजी," त्याही आता दाजीच म्हणत, "मला तोडणी उशिरा का झाली ते लिहायचं आहे. खरं कारण लिहिलं तर हा हंगाम मोजणीतून बाजूला ठेवता येईल. मी आणखी एक वर्ष मागून घेईन. नाही लिहिलं तर उन्हाने गेलं असं दिसेल."

दाजींनी पायाच्या अंगठ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "मॅडम, ऊन लिखा."

"पण तसं नाहीये."

"पाहुण्यामुळे बाग गेली असं कागदावर आलं तर नानाचं नाव येईल. पाहुण्याचं येईल. मला या गावात राहायचं आहे." हे त्यांनी शुद्ध मराठीत म्हटलं, तहसीलदारासमोर म्हणावं तसं.

मॅडमनी खोटं लिहिलं नाही. त्यांनी 'स्थानिक कारणांमुळे तोडणीस विलंब' असं लिहिलं. 'स्थानिक कारणं' या दोन शब्दांत एक मंडप, एक ड्रोन आणि एक आख्खं गाव मावतं, हे वरच्या लोकांना कसं कळावं? त्यांनी आकडे पाहिले, आमच्या भागाचा नकाशा पाहिला आणि अति उष्णतेमुळे शिफारस नाही असा शेरा मारून प्रयोग बंद केला. मॅडमची बदली झाली. वाट बघत थांबलेल्या शेतकऱ्यांनी पपई लावली.

परवा गेलो तेव्हा दाजींच्या तारांवर गिलक्याचे वेल चढलेले होते. मी विचारलं, "दाजी, वाईट नाही वाटत?"

"वाटस ना. पन गावमा मान ऱ्हायना."

आतून अक्काचा आवाज आला. "मान ऱ्हायना, बाग गई. आते मानलेच रोज पानी घाला."

दाजी मोटर चालू करायला उठले. वीज आली होती आणि गिलकी सकाळपासून तहानलेली होती.