कासवाच्या पोटातली पिशवी

बेळगावजवळच्या हिंडलग्याची जयाबाई अकरा वर्षं एकाच मशीनपुढं उभी होती. काकतीच्या अलीकडं, पाटी नसलेल्या एका शेडमध्ये प्लास्टिकच्या पातळ पिशव्यांच्या मुठी कापायचं काम. पाय दाबला की गठ्ठाच्या गठ्ठा एकदम कापला जायचा. नवरा गेल्यावर ह्याच कामावर तिनं लेकीला, आरोहीला, नर्सिंगपर्यंत पोचवलं होतं.

डिसेंबरात गल्लीतल्या बायकांबरोबर ती कारवारला गेली. जन्मात पहिल्यांदा समुद्र पाहिला. सकाळी किनाऱ्यावर घोळका दिसला म्हणून बघायला गेली, तर मोठ्या परातीएवढं कासव मरून पडलेलं. जनावरांच्या डॉक्टरीणबाई त्याचं पोट उघडून चिमट्यानं एकेक वस्तू वाळूवर ठेवत होत्या. जाळ्याचा दोरा, दुधाच्या पिशवीचा कोपरा, मग पांढऱ्या पातळ पिशवीचा बोळा.

"पाण्यात तरंगणारी पिशवी ह्याला जेलीफिश वाटते, आणि ते ह्याचं खाणं," डॉक्टरीणबाई कानडीत सांगत होत्या. "घशात आत वळलेले काटे असतात, गिळलेलं सहसा बाहेर येत नाही. आतडं बंद पडतं, पोटात वायू धरतो. मग बुडी मारता येत नाही. वरच्या वर तरंगत उपाशी मरतं."

जयाबाई वाकून बोळ्याकडं बघत राहिली. मुठीची गोलाई, तळाचा सील. ती पिशवी तिच्याच शेडमधली असेल असं नव्हतं, तसल्या शेडी गावोगावी. पण कापलेली कड तिला ओळखू आली.

घरी आल्यावर तिनं आरोहीला सगळं सांगितलं.

"सोड की ते काम, आई."

"सोडून जाऊ कुठं?"

तरी ती दोन काजूच्या कारखान्यांत विचारून आली. दोन्हीकडं वय विचारलं आणि बघू म्हणाले.

जानेवारीत एका दुपारी प्लास्टिकबंदी तपासणाऱ्यांची गाडी रस्त्याला लागल्याचा फोन आला. मॅनेजर स्वरूपनं मशीनं बंद केली, पंखे बंद केले आणि शटर खाली ओढलं. आत नऊ बायका. पत्रा तापलेला, जळक्या प्लास्टिकचा वास कोंडलेला.

"आक्का, खोकू नका," स्वरूप कुजबुजला.

शेजारच्या मशीनवरची मंगल तोंडावर पदर दाबून बसली होती. बाहेर गाडी थांबली, कुणीतरी शटरवर थाप मारली. जयाबाईला वाटलं, उठावं आणि आतून हाक द्यावी. ती उठलीही. मंगलनं तिचा हात धरला.

"आक्का, माझी दोन पोरं हाईत गं."

जयाबाई खाली बसली. गाडी निघून गेली तरी शटर तासभर तसंच होतं.

शटर वर गेल्यावर तिनं स्वरूपला म्हटलं, "मला दुसरं काय तरी काम द्या."

"दुसरं हितं काय हाय, आक्का? पिशव्याच हाईत. नको असंल तर उद्यापासनं येऊ नका."

आरोहीचं शेवटचं वर्ष सुरू होतं. जयाबाई परत मशीनपुढं जाऊन उभी राहिली.

"किती दिवस करणार, आक्का?" मंगलनं हळूच विचारलं.

"पोरगी कामाला लागंपतोर."

"आणि मग?"

"मग एक दिवस बी न्हाय."

मशीन पुन्हा गरम झालं होतं. पुढचा गठ्ठा सरकवून जयाबाईनं पाय दाबला.