पावडरआबांचे तुपाचे डबे

आमचे थोरले चुलते शेतातून परतले की ओसरीवरची मांजर उठून जायची. डोक्यापासून पायापर्यंत ते पांढरे असत, पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे. पण ते पीठ नव्हतं, डीडीटी होती. प्रकाशा या तीर्थाजवळच्या आमच्या तापीकाठच्या गावात त्यांना सगळे पावडरआबा म्हणत आणि हे नाव त्यांना पदवीसारखं वाटे.

कपाशीवर पावडर मारायची त्यांची स्वतःची पद्धत होती. जुन्या धोतराच्या पोटलीत पावडर भरायची, ती काठीला बांधायची आणि ओळीतून चालताना दुसऱ्या काठीनं ठोकत जायचं. वारा तोंडावर आला तरी आबा तोंड फिरवत नसत. मग बांधावर बसून त्याच हातानं भाकरी. कुणी टोकलं की म्हणत, "माले आजपावत एक बी मच्छर चावना नही." हे मात्र खरं होतं.

पावडरीचे रिकामे डबे टाकणं त्यांना पटत नसे. पत्रा चांगला, झाकण घट्ट. राखेनं घासून, उन्हात वाळवून ते काकूंच्या हवाली करत आणि काकू त्यात तूप भरत. घरात चार म्हशी होत्या. आबांच्या भाकरीवरचं तूप मनगटापर्यंत ओघळे. तुपाला वास येतो म्हटलं, तर नाक माझं खराब ठरे.

साठ सालानंतर मी धुळ्याहून नर्सिंग शिकून आले. आबांच्या पायाची जखम दोन महिने भरत नव्हती, म्हणून त्यांना ओढूनच दवाखान्यात नेलं. लघवी निळ्या औषधात तापवली, ती विटकरी झाली. म्हणजे साखर. मग रक्त काढलं, तर थोड्या वेळानं नळीत वर चक्क साय धरली. रक्तात चरबी फार आहे, डॉक्टर म्हणाले. पावडरीचं मीच विचारलं. ती अंगातल्या चरबीत साठून राहते. दुखणं तिच्यामुळेच आलं असं सांगता येणार नाही, पण तिच्यापासून लांब राहा, असं त्यांनी बजावलं.

आबांनी नळी उजेडात धरली. "पोरी, मन्हा रगतवर बी साय ऊनी," ते कौतुकानं म्हणाले. "आते घी काढी ले."

गूळ सुटला, पावडर सुटेना. पाय कापावा लागेल म्हटलं, तर चांगला पाय पुढे करून म्हणाले, "दुसरा शे ना." मी वाद सोडला. तीन वर्षांची नात ओसरीवर तूप-भाकरी खात होती. तिच्याकडे बोट करून मी एवढंच विचारलं, "आबा, ते तूप कोणत्या डब्यातलं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात हातोड्याचा आवाज. आबांनी सगळं तूप खड्ड्यात ओतलं होतं आणि पुन्हा कुणी भरू नये म्हणून एकेका डब्याच्या बुडाला खिळ्यानं भोक पाडत होते. घाईत त्यांनी एक भरलेला डबाही फोडला. काकू कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"त्या डब्बामा तीळनं तेल व्हतं."

"आते नही," आबा म्हणाले.

पोटली त्यांनी पुन्हा धरली नाही. पाय मात्र गेलाच, आणि दोन वर्षांनी आबाही गेले. शेवटी शेवटी मांजर त्यांच्या मांडीवर येऊन झोपे. "हाई माले आते घाबरस बी नही," अशी त्यांची तक्रार असे.

पिकावरच्या औषधाचा डबा रिकामा झाला की मी अजूनही आधी त्याच्या बुडाला खिळा मारते. त्यापूर्वी झाकण मात्र उघडून पाहते.