तिसऱ्या रांगेतल्या खुर्च्या

माझा मुलगा पुढच्या खुर्चीच्या पाठीवर तोंडावर पडला तेव्हा आम्ही सहा पॉइंटांनी पुढे होतो आणि तीन मिनिटं उरली होती. पडताना त्याने हात पुढे केले नाहीत. शुद्धीत असलेला माणूस हात पुढे करतो. त्यावरूनच मला कळलं.

त्याच्या काही क्षण आधी तो उठायला लागला होता. म्हणाला, "आई, जरा बाहेर जाऊन येतो. घाबरल्यासारखं होतंय."

मी त्याचं मनगट धरून खाली ओढलं. "बस. तीन मिनिटं राहिलीत. जागा सोडू नकोस."

मनगट घामाने ओलं होतं. ते मला तेव्हाही कळलं होतं. तो बसला. अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस, ऑफिसात हाताखाली तीसजण, पण आई बस म्हणाली म्हणून बसला.

जागा सोडायची नाही हा नियम मीच काढला होता. तो कसा ते सांगते.

नवरा गेल्यावर मुलाने मला इकडे दुबईजवळ, अजमानला आणलं. मी चौथीपर्यंत शिकलेली. इथे मला करायला काही नव्हतं आणि एकदा दूध तापत ठेवून मी झोपले, तेव्हापासून सून मला घरात एकटी ठेवत नाही. नात कॉलेजच्या बास्केटबॉल टीममध्ये खेळते, अंगावर अकरा नंबर. शनिवारी दुपारी मॅच असते. घरातले सगळे जातात, म्हणून मलाही गाडीत घालून नेऊ लागले. पहिल्या दिवशी मला बॉल आणि आवाज एवढंच कळलं. चौथ्या मॅचपर्यंत फाउल कुठला आणि नाटक कुठलं ते मी रेफरीच्या आधी सांगायला लागले.

आमची रांग तिसरी. भिंतीकडून पहिला केरळचा एक माणूस, सात नंबरचा बाप. त्याच्या शेजारी मी, मग मुलगा, मग सून, आणि शेवटी इजिप्तची एक बाई, चार नंबरची आई. मला ती हज्जा म्हणायची. म्हाताऱ्या बाईला मान म्हणून त्यांच्यात तसं म्हणतात. मी हिंदू आहे हे तिला माहीत होतं. तिला फरक पडत नव्हता, मलाही नाही.

आठ कॉलेजं होती. सुरुवातीला आम्ही सातवे. केरळवाला प्रत्येक मॅचनंतर कोण कितवं ते वहीत लिहायचा आणि त्यावर पुढच्या शनिवारपर्यंत भांडण पुरायचं. कोचला काही कळत नाही यावर सगळ्यांचं एकमत होतं. बाकी कशावरच नाही.

"अम्मा, आपकी पोती रिबाउंड के लिए कूदती ही नहीं," तो म्हणायचा.

"तुम्हारी सात नंबर बॉल छोडेगी तब कूदेगी ना," मी म्हणायचे. "बॉल उसके बाप का है क्या?"

"हां अम्मा, बाप का ही है. मैंने ही खरीद के दिया."

नातीला हे सांगितलं की ती कपाळाला हात लावायची. "आजी, प्लीज, यू आर सो एम्बॅरसिंग." मग हळूच विचारायची, "व्हॉट एल्स डिड ही से?"

तिसऱ्या मॅचला आम्ही पहिल्यांदा जिंकलो. तेव्हा मी सांगितलं की आमच्याकडे क्रिकेट चालू असलं आणि आपले खेळाडू टिकले की घरात कोणी हलत नाही. बसलेला बसलेला, उभा असलेला उभा. माझा नवरा एकदा अर्धी दाढी करून तासभर दारात उभा राहिला होता. केरळवाला म्हणाला, आमच्याकडेही असंच. इजिप्तच्या बाईने माझ्या मुलाकडून अर्थ समजून घेतला आणि मान डोलावली. त्या दिवसापासून नियम झाला. जिथे बसून जिंकलो तिथेच बसायचं आणि पुढे असताना उठायचं नाही. तहान लागली तरी नाही, लघवीला लागली तरी नाही. मी सत्त्याहत्तर वर्षांची, मीसुद्धा दाबून बसायचे.

मुलगा हसायचा. पण बसायचा. एकदाच उठला, रास अल खैमाला मॅच होती तेव्हा. ऑफिसचा फोन आला म्हणून बाहेर गेला. आम्ही चार पॉइंटांनी पुढे होतो, एका पॉइंटने हरलो. पुढे महिनाभर त्याला कोणी सोडलं नाही. इजिप्तची बाई तो दिसला की हात कानाला लावून म्हणायची, "हॅलो? खलास!" केरळवाल्याने वहीत त्या मॅचपुढे टेलिफोनचं चित्र काढलं होतं. मीही बोलले. सगळ्यांत जास्त मीच बोलले असेन. त्यानंतर तो मॅचला आला की फोन बंद करून सुनेच्या पर्समध्ये टाकायचा.

त्या शनिवारी साखळीतली शेवटची मॅच होती. पहिल्या चारांत आम्ही आलोच होतो. जिंकलो तर दुसरे, हरलो तर चौथे. चौथ्याची गाठ पहिल्याशी, आणि पहिली टीम वर्षभरात एकदाही हरली नव्हती. म्हणून सगळे जीव मुठीत धरून बसले होते. जेवणापासून मुलगा छाती चोळत होता. सून म्हणाली, ॲसिडिटी असेल, बिर्याणी कमी खा म्हटलं होतं. मध्यंतरात तो उठला नाही, कारण आम्ही पुढे होतो.

तो पडल्यावर पहिली ओरडली ती इजिप्तची बाई. शिट्टी वाजली आणि खेळ थांबला. समोरच्या टीमचा एक जाडा मसाजवाला होता, मुलींचे पाय मुरगळले की धावणारा. तो धावला की त्याचं पोट आधी पोचतं असं म्हणून आम्ही हसायचो. तो खुर्च्यांवरून चढून आला. मुलाला ओढून पायऱ्यांजवळच्या मोकळ्या जागेत उताणं केलं, शर्ट फाडला आणि दोन्ही हातांनी छाती दाबायला लागला. बरगडी मोडल्याचा आवाज मी ऐकला. कोणीतरी भिंतीवरच्या पेटीतलं यंत्र आणलं. यंत्र बाईच्या आवाजात इंग्रजी बोलत होतं. सगळ्यांना मागे सरायला लावून त्याला शॉक दिला. एकदा, मग परत एकदा.

मी माझ्या खुर्चीवरच होते. समोर बोर्डावर आमचे सहा पॉइंट जास्त दिसत होते.

अँब्युलन्समध्ये सून आणि नात बसल्या. नात बास्केटबॉलच्या कपड्यांतच होती. मला केरळवाल्याने त्याच्या गाडीतून नेलं, मागे इजिप्तची बाई. दोघांच्या मुली ग्राउंडवरच राहिल्या. वाटेत सिग्नलला तो म्हणाला, "इन्शाल्ला अम्मा," आणि मी मान हलवली.

हॉस्पिटलात मुलाला आत नेलं होतं. बाहेर भिंतीला लागून खुर्च्या. सून बसली होती. तिच्या पलीकडे इजिप्तची बाई बसली. केरळवाला भिंतीकडच्या टोकाला बसला, मी त्याच्या शेजारी. माझ्यात आणि सुनेत एक खुर्ची रिकामी राहिली. कोणी ठरवून केलं नाही. नात समोर उभी राहून आमच्याकडे बघत होती. तिच्या ते लक्षात आलं असावं, कारण ती त्या खुर्चीवर बसली नाही. ती खाली जमिनीवर बसली.

तासभर कोणी हललं नाही. केरळवाल्याचा फोन वाजला. त्याने बघितलं आणि हळू आवाजात सांगितलं की मॅच तिथेच थांबवली, उरलेली तीन मिनिटं पुढच्या आठवड्यात खेळवणार. मग आपोआप म्हणाला, "मतलब अभी तक हम सेकंड..." कोणी त्याला वाईट म्हणालं नाही. माझ्याही डोक्यात तेच आलं होतं.

मग मी उठले. मला कुठे जायचं नव्हतं. केरळवाल्याने माझा हात धरला, "अम्मा, बैठो." मी हात सोडवून घेतला आणि टोकापर्यंत चालत गेले, पाण्याच्या मशीनपाशी. परत आले आणि उभ्यानेच सुनेला म्हणाले, "तो उठत होता. मी बसवला."

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी ऐकलं आई. मीही त्यांना उठा म्हणाले नाही."

डॉक्टर संध्याकाळी बाहेर आला. दोन स्टेंट घातले, म्हणाला, सकाळपर्यंत काही सांगता येणार नाही. सकाळी म्हणाला, अजून एक दिवस. तिसऱ्या दिवशी मुलाने डोळे उघडले. चौथ्या दिवशी मला आत सोडलं. त्याला मॅचमधलं काही आठवत नव्हतं. त्याने विचारलं, "मी बाहेर जायला उठलो नव्हतो का गं?"

"उठला होतास. मी हात धरून बसवला."

तो छताकडे बघत म्हणाला, "बरं." त्यावर आमचं परत बोलणं झालेलं नाही.

उरलेली तीन मिनिटं खेळली गेली. नात खेळली. आमच्याकडचं कोणी बघायला गेलं नाही. आम्ही दोन पॉइंटांनी हरलो आणि चौथे झालो. पुढे पहिल्या टीमने आम्हाला सहज हरवलं. केरळवाल्याने वहीत लिहिलं असेल, मी विचारलं नाही.

आता नवीन सीझन सुरू झाला आहे. मुलगा येतो, कडेच्या खुर्चीवर बसतो, दाराजवळ. आम्ही पुढे असलो की मी उठते आणि पायऱ्यांपर्यंत जाऊन येते. केरळवाला बघतो. इजिप्तची बाई आता कानाला हात लावत नाही.

त्या शनिवारी तिसऱ्या रांगेत आम्ही पाचजण बसलो होतो. पाचहीजण जिवंत आहोत.