ड्रायरवाले मामा

ड्रायरवाले मामा डॅम्परचा दांडा एकदा फिरवला, की दोन्ही हात पाठीमागे बांधून घेत. डॅम्पर म्हणजे भट्टीतून ड्रायरमध्ये जाणारी गरम हवा कमी-जास्त करणारी लोखंडी झडप. दांडा बोटभर सरकवायचा, हात मागे बांधायचे आणि तसंच रमतगमत फाटकापर्यंत जाऊन यायचं. फाटकावर कोणी ओळखीचं भेटलं तर दोन शब्द बोलायचे, नाही तर जऊळक्याच्या स्टेशनाकडे जाणाऱ्या रस्त्याकडे उगाच पाहत उभं राहायचं. परत येईपर्यंत पाऊण तास सहज जाई. तोवर आभाळ कोसळलं तरी हा माणूस दांड्याला हात लावणार नाही, असं कामगार म्हणत. नव्याने आलेल्या प्रत्येकाला मामा कामचुकार वाटत. मलाही वाटले, आणि मी तसं बोलूनही दाखवलं.

आमच्या शेतकरी गटाचं सोयाबीन बियाण्याचं केंद्र आहे. सभासदांच्या शेतातलं निवडक सोयाबीन इथे येतं, वाळतं, चाळलं जातं, कट्ट्यांत म्हणजे पोत्यांत भरलं जातं आणि पुढच्या मृगात त्याच लोकांच्या शेतात जातं. तेलासाठी जाणारं सोयाबीन कसंही वाळवलं तरी चालतं. बियाण्याचं तसं नाही. ते ओलं राहिलं तर बुरशी धरतं, जास्त तापलं तर आतला कोंब मरतो, आणि फार कोरडं झालं तर नुसत्या आपटण्यानेही दाणा दुभंगतो. भट्टीवर नवीन माणूस आला, की मामा त्याला पहिल्या दिवशी एकच वाक्य सांगत, "भाकर भाजायची नाही बाप्पा, लेकरू शेकायचं हाय." ते ऐकून लोक हसत, पण भट्टीत भुसा टाकताना हात आवरता घेत.

दाण्यातलं मॉइश्चर, म्हणजे ओलावा किती टक्के उरलाय ते, मोजायला मामांना यंत्र लागत नसे. ड्रायरच्या खालच्या तोंडातून पडणारा एक दाणा उचलायचा, डाव्या दाढेखाली धरायचा, डोळे बारीक करायचे आणि म्हणायचं, "बारा. वरती थोडंसं." मी दोन वेळा यंत्रावर तपासून पाहिलं आणि नंतर तपासायचं सोडून दिलं, कारण दोन्ही वेळा खोटी मीच पडले. उजव्या बाजूच्या दाढा केव्हाच पडल्या होत्या. "डावी पडली का गटाचा मीटर बंद," असं ते स्वतःच म्हणत.

आणि नेमकी याच गोष्टीची धास्ती गटाने घेतली होती. एका म्हाताऱ्या माणसाच्या एका दाढेवर शेकडो घरांची पेरणी टांगून ठेवायची कशी? म्हणून मला बोलावलं. मी मूळची वाशीमची, शिकले बाहेर, कारखान्यांत यंत्रांवर ताबा ठेवणाऱ्या यंत्रणा बसवण्याचं काम चार वर्षं केलं आणि परत आले. डोक्यात हवा होती, ती आता कबूल करायला हरकत नाही. मी ड्रायरच्या खालच्या तोंडाशी मॉइश्चर मोजणारा सेन्सर लावला, डॅम्परला मोटर बसवली आणि मध्ये कंट्रोलर ठेवला. दाणा ओला दिसला की तो हवा वाढवणार, कोरडा दिसला की कमी करणार. माणसाने फक्त पडद्याकडे पाहायचं. मामांनी ती मोटर सगळीकडून बघून घेतली आणि विचारलं, "हे फाटकापर्यंत जाऊन येते का?" मी म्हटलं, "मामा, त्याला जायची गरज नाही. ते दर मिनिटाला पाहतं अन् दर मिनिटाला फिरवतं." मामांचे हात मागे बांधलेलेच होते.

त्या वर्षी काढणीत पाऊस आला. मेडशीकडच्या सभासदांचं सोयाबीन शेंगांतच भिजलं होतं. लोकांनी ते पाखडून, निवडून, वाईट दाणा बाजूला काढून आमच्याकडे आणलं. गावोगावी बियाण्याचं तेच उरलं होतं. ते नीट वाळलं तर पेरणी घरच्या बियाण्यावर, नाही तर बाजारातून मिळेल ते आणि उगवेल तेवढं. तो लॉट मी माझ्या यंत्रावर चढवला.

चार दिवस पडद्यावर आकडे खालीवर होत राहिले. कधी दाणा साडेतेराचा येई, कधी नऊचा. सरासरी मात्र बरोबर अकरा-बारा दाखवत होती आणि मी सरासरीकडे पाहून खूश होते. दुसऱ्या दिवशी दुपारी मामा दाणा चावत माझ्याजवळ आले. "मॅडम, दाणा कडकड वाजून राह्यला." मी पडद्यावरून नजर न काढता म्हटलं, "मामा, बरोबर आहे सगळं. तुम्ही बसा." ते जाऊन बसले आणि त्यानंतर पुन्हा सांगायला आले नाहीत. माझ्या त्या 'बसा'चा अर्थ त्यांना नीट कळला होता.

लॉट संपला. सगळ्या थप्पीतून थोडं थोडं घेऊन एकत्र केलेला नमुना तपासणीला गेला आणि शंभरात त्र्याहत्तर दाणे उगवल्याचा कागद आला. सत्तरला पास होतं. मी पेढे आणले. केंद्रात पेढे फिरत असताना मामा गोणपाटाच्या ओल्या गुंडाळ्या छातीशी धरून आले आणि माझ्या टेबलावर एकेक उलगडू लागले. त्यांची जुनी पद्धत होती ती. फाटकावरून परत आले की ड्रायरच्या तोंडातले शंभर दाणे मोजायचे, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत मांडायचे आणि गुंडाळून सावलीत ठेवायचे. या लॉटच्या वेळीही त्यांनी ते सोडलं नव्हतं. पहिल्या गुंडाळीत शहाऐंशी कोंब होते, पांढरे, टपोरे. दुसरीत एकेचाळीस. तिसरीत पुन्हा ऐंशीच्या वर, चौथीत चाळीसच्या आत. पुढच्या गुंडाळ्यांतही असंच, चांगल्या दोन तर वाईट एक. जे उगवले नव्हते ते दाणे पाण्याने फुगून चिकट झाले होते आणि त्यांना वास येत होता.

"पण सरासरी पास आहे, मामा," मी म्हटलं. आज ते वाक्य आठवलं की कान गरम होतात.

मामांनी माझ्याकडे पाहिलं. आवाज चढवला नाही. "सरासरी पेरते का कोणी, मॅडम? ज्याच्या घरी हा कट्टा जाईन, त्याचं वावर अर्धं काळं राहीन. त्याले काय सांगान तुमी, का शेजाऱ्याचं चांगलं उगवलं म्हणून?"

माझ्या हातातला पेढा तसाच राहिला. त्या थप्पीतले कट्टे भरल्या क्रमाने लागले होते, म्हणून बरं. मामांच्या गुंडाळ्यांचा क्रम धरून आम्ही दोन दिवस कट्टे वेगळे केले. जवळजवळ तिसरा हिस्सा बियाण्यातून बाद झाला आणि तेलाच्या गिरणीकडे गेला. ज्यांनी ओल्या सोयाबीनमधून एकेक दाणा निवडला होता त्यांचे ते कट्टे ट्रकमध्ये चढताना मी पाहिले.

पण चूक कुठे झाली ते मला अजूनही कळत नव्हतं. सेन्सर ठीक होता, मोटर ठीक होती. मामा म्हणाले, "चाला, दाखवतो." त्यांनी मूठभर सोयाबीन गुलालात घोळलं, शिडीवरून वर चढून ड्रायरच्या वरच्या तोंडात टाकलं आणि खाली येऊन माझ्या शेजारी बसले. आम्ही दोघं पडणाऱ्या दाण्यांकडे पाहत बसलो. अर्ध्या तासाने पहिला गुलाबी दाणा पडला. पाऊण तासाच्या सुमारास भराभर पडले. मागे रेंगाळलेला शेवटचा यायला तासाला थोडीच कसर राहिली. "खाली पडून राह्यलं ते मंघाचं हाय," मामा म्हणाले. "वरती आता काय चालू हाय, ते याच्यावरून कसं समजन? तुमची मोटर मंघाच्या दाण्यावर रागावते अन् आत्ताच्याले मारते."

या गोष्टीला आमच्या शास्त्रात नाव आहे. तिच्यावर मी परीक्षेत चांगलं लांबलचक उत्तर लिहिलं होतं आणि पूर्ण गुण मिळवले होते. हवा बदलल्याचा परिणाम खाली दिसायला पाऊण तास लागतो, आणि माझं यंत्र त्या पाऊण तासात पंचेचाळीस वेळा डॅम्पर फिरवत होतं. ओलं दिसलं म्हणून तापवत सुटायचं, आणि कोरडं दिसेपर्यंत आतला सगळा दाणा भाजून निघालेला असायचा. मामा फाटकापर्यंत का जात, ते मला त्या दिवशी कळलं. हाताला खाज सुटू नये म्हणून ते स्वतःलाच तिथून उठवून नेत असत.

त्याच आठवड्यात गटाची बैठक झाली. सभासद चिडलेले होते आणि त्यांचं चिडणं रास्त होतं. कोणी म्हणालं, ते मशीन उपटून फेका. अध्यक्षांनी विचारलं, "चूक कोणाची?" मी उठणार होते. उठायचंच ठरवून आले होते. पण माझ्याआधी मामा उठले. "मशीनची चूक नाही. मॅडमचीही नाही. मोटर बाजूला करून डॅम्पर मी हातानं फिरवला. माह्याच हातून झालं."

हे धडधडीत खोटं होतं. सभेत ते आम्हा दोघांनाच माहीत होतं, अशी माझी समजूत. मी समोरच्या कागदांकडे पाहत राहिले. एक वाक्य बोलायला किती वेळ लागतो? तेवढा वेळ गेला आणि अध्यक्षांनी पुढचा विषय घेतला. हंगाम संपायच्या आत मामांनी आता घरी आराम करावा, असं ठरलं. जाताना त्यांनी भट्टीवरच्या माणसांना रामराम केला, मलाही केला आणि आपल्या गावी, मेडशीला गेले.

महिनाभराने एसटीने मी त्यांच्या घरी गेले. मामा ओसरीवर बसले होते. भुशाच्या धुळीने धरलेला खोकला आता सोडत नव्हता. मामींनी चहा आणला. मी मामांना विचारलं, "खोटं काहून बोललात, मामा?"

"मंग काय करू? तू बोलली असती तं त्यायनं पहिले मशीन उपटलं असतं, मंग तुले." घरी ते मला तू म्हणाले, ते मला फार बरं वाटलं. "मी तं तसाही चाललो होतो, पोरी. हे दाढ किती साल पुरन? माह्या मांगं कोण चावून पाह्यन? मशीन पाह्यजे. फक्त त्याले थांबायचं शिकव."

"मी सांगते सभेत. चूक माझी होती म्हणून."

"सांगजो. पण आता नको. एक हंगाम नीट निघू दे, लोकायचा भरोसा बसू दे. मंग सांगजो." मग खोकत खोकत म्हणाले, "अन् फुगू नको. तुह्यासाठी नाही बोललो. बियाण्यासाठी बोललो."

मी कंट्रोलरमध्ये मामांचा पाऊण तास घातला. एकदा फिरवलं की पाऊण तास हलायचं नाही, आणि फिरवायचं तेही बोटभरच. पुढचा हंगाम नीट निघाला. दाणा एकसारखा अकरा-बाराचा पडत राहिला. लोक मला नावाजू लागले. सभा झाली, मी बोलले नाही. आणखी एक झाली, तेव्हाही नाही. मामांनीच थांबायला सांगितलंय, असं मी मनाला समजावत होते. पण त्यांनी एकच हंगाम सांगितला होता आणि तो केव्हाच उलटून गेला होता. थांबणं वेगळं आणि घाबरणं वेगळं, हे न समजण्याइतकी मी लहान नव्हते.

त्या उन्हाळ्यात मामा गेले. निरोप मिळाला तेव्हा मी कामासाठी पुण्याला होते. अंत्यदर्शनही झालं नाही.

गटाच्या आमसभेत सुरुवातीला श्रद्धांजलीचा ठराव होता. सचिव वाचत होते. मामांची चिकाटी, मामांचा अनुभव, बरंच चांगलं लिहिलं होतं. मग वाक्य आलं, 'एका लॉटच्या वेळी हातून घडलेली चूक वगळता त्यांची सेवा निष्कलंक होती.'

मी उभी राहिले. म्हणाले, "ते वाक्य काढा. ती चूक मामांची नव्हती. डॅम्परला त्यांनी हातही लावला नव्हता. चूक माझी होती. त्यांनी मला सांगितलं होतं आणि मी त्यांना बसा म्हटलं होतं. त्यांनी दोष स्वतःवर घेतला आणि मी घेऊ दिला."

पहिल्या रांगेत मेडशीचे एक म्हातारे सभासद होते. त्या लॉटमधले बरेचसे बाद कट्टे त्यांच्याच शेतातले होते. त्यांनी टोपी सारखी केली आणि म्हणाले, "ते आमाले त्याच दिवशी मालूम होतं, मॅडम. मामाच्या हातानं तसं होत नाही. तुमी कवा सांगता, तेच पाहून राह्यलो होतो." मग पुन्हा म्हणाले, "मामा असतानी सांगतलं असतं, तं बरं झालं असतं."

अध्यक्षांनी खूण केली. सचिवांनी पेन काढलं आणि ते वाक्य खोडलं. मग श्रद्धांजलीसाठी सगळे उभे राहिले. मी उभीच होते.